बाबांनी फोटोंच्या मागे लिहिलेलं फाइलच्या आत कसं घालू? (तारखा, मराठी मजकूर, लोकेशन) – मदत हवी आहे

पारिजातक_नागपूर

नमस्कार मंडळी,

मी नागपूरच्या महाल भागात वाढले, आता इथेच मनीषनगरला राहते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आधी आग्फा क्लिक थ्रीवर आणि मग एका पस्तीस एमएमच्या कॅमेऱ्यावर त्यांनी काढलेले जवळपास सहाशे फोटो लोखंडी पेटीत होते. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि दादाने ते सगळे स्कॅन केले. जिथे मागे काही लिहिलंय तिथे मागची बाजूसुद्धा.

बाबांची सवय अशी, की फोटो धुऊन आले की त्याच संध्याकाळी मागे निळ्या शाईने लिहायचे. आत्ता एक माझ्यासमोर आहे. चौकोनी, कोपरा दुमडलेला, समोर गर्दी आणि तिच्यावरून डोकावणारी पिवळी मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मिरवणुकीने निघणारा मोठा पुतळा), सगळं थोडं हललेलं. मागे लिहिलंय: "मारबत, इतवारी. १५-९-८५. धाकटीला खांद्यावर घेतलं होतं, म्हणून फोटो हलला." धाकटी म्हणजे मी. मला हे वाक्य फोटोपासून वेगळं होऊ द्यायचं नाही. वहीत उतरवलं तर वही एकीकडे आणि फोटो दुसरीकडे होणार, म्हणून ते फाइलच्या आतच हवं.

आता अडचणी सांगते. सगळ्या फोटोंवर तारीख स्कॅन केल्याची दिसते आहे, म्हणजे बाबांचं अख्खं आयुष्य एकाच आठवड्यात घडल्यासारखं. फोनवरच्या फोटो ॲपमध्ये बसून मी चाळीसेक तारखा बदलल्या, ॲपमध्ये त्या बरोबर दिसायला लागल्या. पण फाइली परत लॅपटॉपवर उतरवल्या तर पुन्हा स्कॅनचीच तारीख! एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्णनाच्या रकान्यात मराठी लिहून पाहिलं, तर सेव्ह झाल्यावर नुसती प्रश्नचिन्हं आली.

तिसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. आत्या महालातल्या जुन्या घरात एकटी राहते. तिथली तांब्यापितळेची भांडी, आजीची नथ, देवघर, याचे फोटो मी फोनने काढले आणि बाबांच्या फोटोंसोबत ते इंटरनेटवर सगळ्यांना बघता येतील असे ठेवणार होते. दादाने सहज एका फोटोची माहिती उघडली तर अक्षांश २१, ८, आणि पुढचे आकडे, रेखांश ७९, ६, आणि पुढचे आकडे. नकाशात टाकले तर थेट आत्याच्या दारात. मी घाबरून विंडोजमध्ये राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथली सगळी माहिती काढून टाकणारी ओळ वापरली. घाईत स्कॅन केलेले साठ फोटोही त्यातच निवडले गेले आणि त्यांत मी इंग्रजी अक्षरांत भरलेलं सगळं वर्णन पुसलं गेलं. दादाकडच्या पेन ड्राइव्हमध्ये प्रत होती म्हणून वाचले.

मला एकीकडे माहिती घालायची आहे, दुसरीकडे काढायची आहे, आणि एक करताना दुसरं बिघडायला नको. मी तीन रात्री हेच करून राहिली आहे. कोणी नीट सांगेल का?

कॅमेरावेडा

ताई, पहिलं काम म्हणजे मूळ स्कॅनची एक पूर्ण प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि तिला हात लावू नका. पुढचं सगळं दुसऱ्या प्रतीवर करा.

आता तारखा. फोटोच्या फाइलीत एक्झिफ नावाची माहिती असते, १९९५ पासून चालत आलेली जपानी कॅमेरावाल्यांची पद्धत. तिच्यात तारखेचे तीन रकाने आहेत. एक मूळ चित्र कधी टिपलं त्याचा, दुसरा ते डिजिटल कधी झालं त्याचा, तिसरा फाइल शेवटची कधी बदलली त्याचा. डिजिटल कॅमेऱ्यात पहिल्या दोन तारखा एकच असतात म्हणून फरक जाणवत नाही. तुमच्यासारख्या कामासाठीच तो फरक ठेवलेला आहे. म्हणून स्कॅनची तारीख पुसू नका, ती दुसऱ्या रकान्यात राहू द्या, तीही खरीच आहे. बाबांची तारीख पहिल्या रकान्यात घाला. फोल्डरमध्ये "मॉडिफाइड" म्हणून दिसते ती तारीख फाइलीच्या आतली नसून कॉम्प्युटरने बाहेरून लावलेली असते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्ये बदललेली तारीख त्या ॲपच्या स्वतःच्या नोंदवहीत राहते, फाइलीत लिहिली जात नाही. तुमचे चाळीस फोटो तसेच परत आले ते यामुळे.

मराठीचं दुखणं जुनं आहे. एक्झिफच्या वर्णनाच्या रकान्यात मुळात फक्त इंग्रजीची साधी अक्षरं धरलेली होती. देवनागरीला अधिकृत जागा २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाली, आणि जुनी सॉफ्टवेअर अजून आधीच्याच पद्धतीने लिहितात. त्यावर उपाय म्हणजे वर्णन एक्सएमपी नावाच्या दुसऱ्या भागात लिहायचं. तो भाग ॲडोबीने २००१ मध्ये आणला, युनिकोडवर (सगळ्या भाषांची अक्षरं सामावणाऱ्या पद्धतीवर) चालतो, मराठी त्यात व्यवस्थित राहते.

सहाशे फोटोंसाठी मी डिजिकॅम हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर सुचवेन. फुकट आहे, विंडोजवर चालतं. आधी सेटिंगमधल्या मेटाडेटाच्या (म्हणजे फाइलीतल्या या माहितीच्या) पानावर जाऊन वर्णन आणि तारीख फाइलीतच लिहिली जातील अशा खुणा करा, नाहीतर तेही आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवून बसेल. मग एकेका फोटोचं वर्णन मराठीत टाइप करा, तारीख बदला, बदल लागू करा. एक भीती मनातून काढा: अशाने चित्र खराब होत नाही. चित्राचा भाग तसाच राहतो, फक्त माहितीचा भाग नव्याने लिहिला जातो. फोटो एडिटरमध्ये उघडून पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह केला तर मात्र दर वेळी थोडी प्रत उतरते.

मजकूर आधीच एक्सेलमध्ये असेल तर एक्झिफटूल बघा. फिल हार्वे यांनी २००३ पासून चालवलेला फुकट प्रोग्राम आहे, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या. तक्ता सीएसव्ही (साध्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) करून दिला की सहाशे फाइली एका झटक्यात भरतो. पहिला रकाना फाइलीच्या नावाचा असतो आणि त्याचं शीर्षक इंग्रजीत SourceFile हेच लागतं. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करा, आणि मराठी त्या काळ्या खिडकीत थेट टाइप करू नका, पुन्हा प्रश्नचिन्हं येतील. जुनी फाइल तो नावाला जोड लावून शेजारी ठेवतो, ती लगेच डिलीट करू नका. आधी पाच फोटोंवर करून बघा.

फुटाळाकाठ

मी लोकेशनबद्दल सांगतो. माझ्या शेजारच्या काकूंनाही असाच घोर लागला होता.

सगळी माहिती काढण्याची गरजच नाही. डिजिकॅममध्ये जिओलोकेशन एडिटर आहे, तिथे आत्याकडचे तेवढे फोटो निवडून फक्त अक्षांश-रेखांश काढा. तारीख आणि वर्णन जागेवर राहतं. झालं की एक फाइल पुन्हा प्रॉपर्टीजमध्ये उघडून जीपीएसचा भाग खरंच गेला का ते डोळ्यांनी बघा. आणि फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशनची खूण आजच बंद करा. आयफोन असेल तर शेअर करताना वर ऑप्शन्स येतं, तिथेही लोकेशन बंद करता येतं.

व्हॉट्सॲपचं दोन्हीकडून लक्षात ठेवा. साधा फोटो म्हणून पाठवला की लोकेशन पुसलं जातं, पण तारीख आणि तुम्ही लिहिलेलं वर्णनही पुसलं जातं, शिवाय फोटो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी, सगळ्या माहितीसकट समोरच्याकडे पोचते. म्हणजे बाबांचे फोटो नातेवाइकांना डॉक्युमेंट म्हणून किंवा पेन ड्राइव्हवर द्या, आणि आत्याकडचे लोकेशन काढल्याशिवाय डॉक्युमेंट म्हणून अजिबात पाठवू नका. आधी कोणाला पाठवले असतील तर त्या लोकांना आजच फोन करून डिलीट करायला सांगा.

आणखी एक. आत्याचा चेहरा किंवा घराची पाटी कापून काढली असेल, तर काही सॉफ्टवेअर फाइलीच्या आत दडलेलं छोटं चित्र जुनंच ठेवतात. कापलेल्या फोटोंमधलं ते थंबनेलही काढा.

पारिजातक_नागपूर

कॅमेरावेडा, फुटाळाकाठ, दोघांचे मनापासून आभार. फोनमधलं लोकेशन बंद केलं. नथीचा फोटो दोघींना डॉक्युमेंट म्हणून गेला होता, दोघींनाही फोन केला.

आता नवीन अडचण. साधारण दोनशे फोटोंच्या मागे पूर्ण तारीखच नाही. कुठे नुसतं "१९७४", कुठे "संक्रांत, गच्चीवर", आणि दीक्षाभूमीच्या एका फोटोत स्तूपाचं काम चालू आहे, मागे काहीच नाही. सॉफ्टवेअर तर दिवस-महिना-वर्ष मागतं. दादा म्हणतो टाक कुठलीतरी. मला ते पटत नाही.

शिवाय मारबतीच्या फोटोवरून आमचा वाद सुरू आहे. दादा म्हणतो पोळा ऑगस्टात असतो, बाबांनी महिना चुकीचा लिहिला, आपण ऑगस्ट करू.

जुनी_पेटी

बेटा, दादाला सांग, तारखेला हात लावू नको म्हणावं. १९८५ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे सगळे सण पुढे गेले होते. पोळा १४ सप्टेंबरला होता आणि मारबत दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, रविवारी. बाबांनी बरोबर लिहिलं आहे. मी ४० वर्षं कॅलेंडरं जपून ठेवणारा माणूस आहे, असे प्रश्न असतील तर विचारत जा.

नुसत्या सणाचं नाव असेल तर आधी वर्ष शोध, मग पंचांगातून दिवस निघतो. संक्रांत साधारण १४ जानेवारीला, क्वचित १५ ला. वर्ष शोधायला फोटोतली माणसं बघ. कोणाच्या कडेवर कोण आहे, गच्चीचा कठडा विटांचा आहे की लोखंडी, आत्याचं लग्न झालेलं दिसतं का. आत्याजवळ बस आणि तिला बोलू दे, फोनवर रेकॉर्ड कर. दीक्षाभूमीच्या स्तूपाचं उद्घाटन १८ डिसेंबर २००१ ला झालं, म्हणजे काम चालू असलेला फोटो त्याच्या आधीचा. एवढंच पक्कं सांगता येतं, तर तेवढंच लिही.

कॅमेरावेडा

काकांच्या बोलण्यात तांत्रिक भर घालतो. एक्झिफच्या नियमात माहीत नसलेला तारखेचा भाग रिकामा सोडायची सोय आहे, पण बहुतेक सॉफ्टवेअरला ते कळत नाही आणि फोटो भलतीकडे जाऊन बसतो. एक्सएमपीमध्ये नुसतं वर्षही लिहिता येतं, पण तेही सगळीकडे दिसेल याचा भरवसा नाही. मी घरच्या फोटोंना असं करतो: फक्त वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी आणि रात्री बाराची वेळ टाकतो, म्हणजे क्रम तरी लागतो. आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहितो, "वर्ष पक्कं, दिवस माहीत नाही." वर्षच अंदाजाचं असेल तर "अंदाजे, आत्याच्या सांगण्यावरून." बाबांचे शब्द अवतरणात आणि आपले शब्द खाली वेगळे ठेवा. पन्नास वर्षांनी उघडणाऱ्याला कळलं पाहिजे की कोणतं वाक्य कोणाचं आहे.

इतवारी_वकील

थोडक्यात एक सूचना. जुन्या घराच्या भिंतीचे, हद्दीचे किंवा कागदपत्रांचे फोटो यात असतील आणि पुढे कधी वादात लागू शकतील असं वाटत असेल, तर त्यांच्या मूळ फाइलीत एक अक्षरही बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रात फाइलीचं हॅश मूल्य (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा तिचा आकडा) द्यावं लागतं, आणि नुसती तारीख बदलली तरी ते मूल्य बदलतं. तसे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये अस्पर्श ठेवा.

पारिजातक_नागपूर

जुनी_पेटी काका, दादाला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, बाबा तारखेत कधीच चुकायचे नाहीत.

वकीलसाहेब, मागच्या बोळीकडच्या भिंतीचे अकरा फोटो होते, ते बाजूला काढून ठेवले.

काल रविवारी आत्याकडे जाऊन बसले. तिने सत्तावीस फोटोंची वर्षं सांगितली, त्यातल्या चारांबद्दल स्वतःच म्हणाली की नक्की नाही. तेही तसंच लिहिलं. डिजिकॅममध्ये आतापर्यंत नव्वद झाले. तारीख बाबांची, स्कॅनची तारीख तिच्या जागी, वर्णन एक्सएमपीत. आत्याकडच्या बेचाळीस फोटोंतलं लोकेशन काढलं आणि प्रत्येक फाइल उघडून तपासली.

मारबतीचा फोटो दादाच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हने नेऊन उघडला. १५ सप्टेंबर १९८५, आणि खाली देवनागरीत, प्रश्नचिन्हाशिवाय: "धाकटीला खांद्यावर घेतलं होतं, म्हणून फोटो हलला."

एक शंका राहिली. मागच्या बाजूचे स्कॅन वेगळ्या फाइली म्हणून ठेवायचे, तर त्यांची नावं कशी द्यावीत, म्हणजे पुढची आणि मागची बाजू कायम शेजारी राहील?

कॅमेरावेडा

दोघांना एकच क्रमांक द्या आणि शेवटी "अ" आणि "ब" लावा. पुढची बाजू अ, मागची ब. क्रमांक चार आकडी ठेवा, ०००१ पासून, म्हणजे यादीत क्रम बिघडत नाही. एक्झिफटूल कधी वापरणार असाल तर फाइलीच्या नावात मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकडेच ठेवा, म्हणजे अ-ब ऐवजी a-b.