सोयाबीन तेलावर चालणारी बस : कथेत कितपत पटेल?

प्रश्न (राजवाड्याजवळचा लेखक)
सर्व व्यवस्था कोलमडल्यानंतरच्या इंदुरात घडणारी कादंबरी मी लिहीत आहे. साठवलेले पेट्रोल 15 वर्षांत केव्हाच निकामी झाले असून एक जुनी बस सोयाबीनपासून केलेल्या बायोडिझेलवर महेश्वरपर्यंत जाते. जाणकारांना हे पटेल का?

उत्तर 1 (निवृत्त रसायन अध्यापक)
खरी अडचण मिथेनॉल या अल्कोहोलची आहे. तेलाचे बायोडिझेल करताना 100 लिटर तेलामागे साधारण 20 लिटर मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा लागतो, आणि कारखाने बंद पडल्यावर मिथेनॉल कुठून येणार, हे आपल्या कथेत कुठेच दिसत नाही. मोहाच्या फुलांची दारू गाळून इथेनॉल वापरता येईल. परंतु नुसत्या ऊर्ध्वपातनाने ते सुमारे 95 टक्क्यांपलीकडे शुद्ध होत नाही, आणि उरलेल्या पाण्यामुळे इंधनाऐवजी साबण तयार होऊ लागतो. कळीच्या चुन्याने ते पाणी शोषून घेणारी व्यक्तिरेखा रंगवली, तर प्रसंग रंगेल. त्याहून सोपा मार्ग म्हणजे गाळलेले तेल तापवून, पातळ करून थेट जुन्या, संथ गतीच्या डिझेल इंजिनात वापरणे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आजची कॉमन रेल (अतिउच्च दाबाने इंधन फवारणारी) इंजिने मात्र असे तेल फार काळ सोसणार नाहीत.

उत्तर 2 (देवासकर)
सोयाबीनचाच आग्रह का? त्याच्या दाण्यात तेल जेमतेम 18 ते 20 टक्के असते आणि तेलाच्या घाण्यात त्यातलेही बरेचसे पेंडीतच राहते. आजचे कारखाने ते हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढतात, आणि हेक्झेन तर पेट्रोलियमपासूनच मिळते. शिवाय भुकेल्या गावात खाण्याचे तेल बसमध्ये ओतणाऱ्याला लोक सोडतील, हे मला तरी पटत नाही. करंजाचे तेल कडू, खाण्यास निरुपयोगी आणि झाडे रस्त्याकडेला उभी. कथेला तेच सोयीचे.

प्रश्नकर्ता
करंज घेतो. लाकूड कमी हवेत जाळून मिळणाऱ्या वायूवरही गाडी चालते ना?

उत्तर 1
चालते, दुसऱ्या महायुद्धात अशा गाड्या पुष्कळ होत्या. एक लिटर पेट्रोलच्या जागी अडीच-तीन किलो वाळलेले लाकूड लागते, इंजिनाची शक्ती बरीच घटते आणि वायूतील कार्बन मोनॉक्साइड गळला तर तो जीवघेणा ठरतो. महेश्वरच्या वाटेवरचा, महूपुढचा जाम घाट बस उतरेल खुशाल. परतीच्या चढणीवर प्रवाशांना खाली उतरवावे लागेल, तेवढे एक पान राखून ठेवा.