इलेक्ट्रिक सतारीवर नव्वद हजार खर्च करावेत का?

सहातारी, मुलुंड
गृहकर्जाचा शेवटचा हप्ता नुकताच फिटला आणि बऱ्याच वर्षांनी केवळ स्वतःच्या हौशीसाठी काही घ्यावे असे मनात आले. मी कॉलेजपासून गिटार वाजवते. घरी स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारच्या धाटणीची एक साधी गिटार आहे आणि तिच्यावर माझे भागतेही. मन मात्र बसले आहे ते इलेक्ट्रिक सतारीवर, म्हणजे गिटारसारखीच धरायची, सहा तारांची, पण घोडीमुळे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीमुळे, सतारीसारखी झणकारणारी. अंधेरीतील एक गृहस्थ तेरा तरफांची (मुख्य तारांच्या नादाने गुंजण्यासाठी लावलेल्या जादा तारांची), वापरलेली इलेक्ट्रिक सतार नव्वद हजारांना देत आहेत. घरचे म्हणतात, एवढ्या पैशांत मिरजेहून उत्तम सतार येईल; पण मला सतार येत नाही आणि नव्याने शिकण्याइतकी सवडही नाही. हे निव्वळ चोचले ठरतील, की या वाद्याचा खरोखर काही उपयोग आहे? आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते टिकेल का?

जव्हारीदार
घरच्यांनी केलेली तुलना मुळातच जुळत नाही. सतारीचे पडदे वक्र आणि उंच असल्यामुळे एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वरांपर्यंत मींड घेता येते. गिटारवर तार ताणून फार तर एक-दीड स्वर चढतो, त्यामुळे इलेक्ट्रिक सतारीवर आलापी करू पाहणाऱ्याची निराशाच होते. हे वाद्य जन्मले ते गिटारवादकांच्या सोयीसाठी. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत वाजवणारे विनी बेल यांनी १९६७ च्या सुमारास डॅनइलेक्ट्रो कंपनीबरोबर ते घडवले आणि कोरल या नावाने ते बाजारात आले. रविशंकरांमुळे तिकडे सतारीचे वेड शिगेला पोहोचले होते, पण ती वाजवणारे हात मोजकेच होते.

सगळी करामत घोडीत आहे. नेहमीच्या गिटारची तार अरुंद टेकूवरून सुटते. इथे ती रुंद, किंचित उतरत्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करत कंप पावते, म्हणजे आपल्या जव्हारीचेच (सतारीच्या घोडीच्या घासून आकार दिलेल्या पृष्ठभागाचेच) तत्त्व. उतार केसभर चुकला की एक तार झणकारते आणि शेजारची मुकी राहते. म्हणून व्यवहारापूर्वी सहाही तारा आधी मोकळ्या आणि मग बाराव्या पडद्यावर वाजवून पाहा. या घोडीवर प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे जुळवण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे वरच्या पडद्यांवर थोडा बेसूरपणा राहणारच; भरगच्च कॉर्डपेक्षा (एकत्र छेडलेल्या स्वरसमूहांपेक्षा) एकेरी सुरावटींतच ते खुलते. तुम्हाला तेच हवे असेल तर खुशाल घ्या.

खर्जप्रेमी
तेरा तरफांवर भुलू नका, एवढेच सांगतो. खऱ्या सतारीत भोपळा आणि त्यावरची पातळ लाकडी तबली तरफांना जागे करतात. इथे तशी पोकळी नसल्याने त्या आपणहून फारशा बोलत नाहीत, हाताने छेडाव्या लागतात. तरफा नसलेले लहान मॉडेलही डॅनइलेक्ट्रोने काढले होते आणि झणकार त्यातही घोडीचाच. तरीही त्या तेरा तारा जुळवत बसण्यातच तुम्हाला सुख वाटणार असेल, तर प्रश्नच मिटला. हौसेला हिशेब नसतो. घासाघीस मात्र जरूर करावी.

दमट दादरकर
पावसाळ्याबद्दल लिहिणे मला भाग आहे. डॅनइलेक्ट्रोच्या जुन्या पद्धतीत लाकडी सांगाड्यावर मॅसोनाइटचे, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेले तक्ते चिकटवतात आणि कडा झाकण्यासाठी भोवती विनाइलची पट्टी लावतात. तुम्ही पाहिलेले वाद्य त्याच बनावटीचे असेल, तर त्या पट्टीवरून सबंध कडेने नख फिरवून पाहा. पट्टी कुठे उचलली जात असेल तर तिथून ओल शिरते, तक्ता फुगतो आणि फुगलेला तक्ता पुन्हा बसत नाही. तरफांच्या खुंट्याही एकेक करून फिरवाव्यात. गंजून अडकलेली एखादी खुंटी म्हणजे किमतीत सूट मागायला भक्कम कारण. सहा मुख्य तारांचा साधा संच धोबी तलावच्या दुकानांत सहज मिळेल. वाद्य भिंतीला टांगू नका, विशेषतः बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि जून ते सप्टेंबर त्या वरचेवर बदला.

सहातारी, मुलुंड
सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी पाहायला जाते आहे. त्या गृहस्थांकडे अॅम्प्लिफायर नाही. नुसते हातात घेऊन वाजवल्यास अंदाज येईल का?

जव्हारीदार
घोडीचा अंदाज येईल, पिकअपचा, म्हणजे तारांचा कंप टिपून अॅम्प्लिफायरकडे पाठवणाऱ्या भागाचा, येणार नाही, आणि तरफांना वेगळा पिकअप असल्यामुळे तोही चालू आहे की नाही हे तपासलेच पाहिजे. हेडफोनवर चालणारा, खिशात मावणारा अॅम्प्लिफायर कोणाकडून तरी मागून न्या आणि आवाज स्वच्छ ठेवा, कारण डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावले की झणकार त्यातच बुडून जातो आणि घोडीचे दोषही ऐकू येत नाहीत. विकणाऱ्याने स्वतःच आवाज बदलणारे पेडल जोडून ठेवले असेल, तर ते आधी काढायला सांगा.