सारस आणि रानपिंगळ्याच्या नोंदी मुंबईच्या जर्नलकडे पाठवाव्यात की आधी मराठीत छापाव्यात?

परतवाडा (चर्चाप्रस्ताव)

गोंदिया-भंडाऱ्याकडचे निसर्गमित्र सारसाच्या घरट्यांच्या नोंदी वहीत ठेवतात, आमच्या मेळघाटात रानपिंगळ्याच्या, म्हणजे जंगलातल्या एका दुर्मीळ लहान घुबडाच्या, नोंदी होतात, आणि त्या वह्या कपाटातच राहतात. या नोंदी टिपणाच्या रूपाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलकडे गेल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. संस्था १८८३ सालची, तिचे जर्नल १८८६ पासूनचे. आणि वनाधिकारी, अभियंते, चहामळ्यांचे व्यवस्थापक अशा हौशी निरीक्षकांची लहान टिपणे छापण्याची प्रथा त्यात आरंभापासून आहे. १९११ साली संस्थेने हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात खानदेशाबरोबर आपला वऱ्हाडही सुरुवातीलाच आला, आणि त्याचे अहवाल याच जर्नलमध्ये छापले गेले.

छापील नोंदीचे मोल रानपिंगळ्याइतके कोणीच शिकवले नसेल. ब्रिटिश अधिकारी आणि पक्षीतज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या स्वतःच्या नियतकालिकात त्याचे वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर १९१४ सालची तारीख आणि गुजरातमधील मांडवीचे नाव होते. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुन्यावरची ती चिठ्ठी खोटी असल्याचे दाखवले, जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणे प्रमाण मानली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पक्षी पुन्हा सापडला. ह्यूम यांची हस्तलिखिते रद्दीत विकली गेली, त्यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि त्यांचे नियतकालिकही थांबले. संस्थेचे जर्नल मात्र संपादक बदलत गेले तरी चालू राहिले.

अर्जुनी मोरगाव

सर, आपला दाखला आपल्याच विरोधात जातो. वर्णन ह्यूम यांच्या खासगी नियतकालिकात, नमुने परदेशी संग्रहालयांत आणि शोध घेणारेही परदेशी. रानपिंगळा तर दिवसाही वावरणारा पक्षी. सातपुड्याच्या सागवानात रोज गुरे चारणाऱ्यांना कोणी विचारलेच नाही, कारण हे सारे लेखन त्यांच्यापर्यंत कधी पोहोचले नाही.

आमच्याकडची गोष्ट सांगते. पावसाळ्यात सारसाची जोडी धानाच्या बांधीत रोपे आणि गवत ओढून घरट्याचा ढीग रचते, बहुधा दोन अंडी घालते, आणि पुढे सुमारे महिनाभर शेतकऱ्याला तेवढा कोपरा सोडून निंदण करावे लागते. नुकसान त्याचे होते, राखणही तोच करतो. त्याच्या बांधीवरचे टिपण इंग्रजीत छापून मुंबईत राहिले, तर पुढच्या वर्षी त्याने ते घरटे का राखावे? मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली ती मराठीतून विज्ञान पोहोचवण्यासाठीच, आणि तिची स्वतःची पत्रिका आहे. पहिला हक्क मराठीचा आहे.

वर्धा

मला दोन्ही मार्ग लांबचे वाटतात. मोबाइलवर ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केली की त्याच संध्याकाळी ती जगाला दिसते. छपाईसाठी महिनोन्महिने थांबण्याचे कारण मला कळत नाही.

परतवाडा

ई-बर्ड मीही वापरतो. त्यात ठिकाण, तारीख आणि संख्या नीट राहते. पण मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी सोडल्यामुळे घरटे बुडाले की कुत्र्यांनी अंडी खाल्ली, याची संगती लावून लिहायला टिपणच लागते. शिवाय संपादक उलटतपासणी करतो. साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांत चूक सहज होते. डोक्यावर ठिपके जवळपास नव्हते का, छातीवर गडद तपकिरी पट्टा दिसला का, असे प्रश्न त्याने विचारले म्हणजे आपली नजरही तयार होते.

ताई, शेतकऱ्याविषयीचे आपले म्हणणे मला मनापासून पटते. परंतु आधी छापून आलेला मजकूर शोधपत्रिका सहसा घेत नाहीत. क्रम उलटा केला तर नोंद जर्नलमध्ये जाण्याची वाटच बंद होईल, आणि उद्या एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत कपाटातली वही कोणी पुरावा म्हणून मानणार नाही. त्या जर्नलचे जुने खंड आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे ते मुंबईत अडकून पडते हेही आता तितकेसे खरे नाही.

अर्जुनी मोरगाव

विनामूल्य असले तरी ते इंग्रजीतच आहे, सर. सुनावणीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. आमच्या भागात तो उद्याचा नाही, आजचा आहे. तरीही मी दोन अटी सोडणार नाही. ज्याच्या बांधीत घरटे होते त्या शेतकऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, सहलेखक म्हणून टिपणावर यावे. आभाराच्या ओळीत नको. आणि टिपण पाठवण्यापूर्वी त्याचा मराठी खर्डा ग्रामसभेत वाचला जावा. वाचून दाखवणे म्हणजे छापणे नव्हे, तेव्हा आपल्या जर्नलला त्याची अडचण होऊ नये. या अटी मान्य असतील तर येत्या पावसाळ्यातल्या घरट्यांच्या नोंदी मी स्वतः लिहून देते.