पेल्मेटला घरीच कापड चढवता येईल का?

राजवाडा_वाली: आमच्या हॉलच्या खिडकीवर पडद्याचा रॉड उघडा दिसतो म्हणून प्लायचं पेल्मेट (रॉड झाकणारी पुढची पेटी) करून त्याला कापड चढवायचा विचार आहे, आईची जुनी माहेश्वरी साडी पडलीय ती चालेल का? आणि चिकटवू कशाने, डबल टेपने?

माळव्याची_मावशी: टेप इंदूरच्या मे महिन्यात सुटेल गं. स्टेपल गन घे. १२ एमएमचा प्लाय, त्यावर पातळ फोम, मग कापड, आणि ते चारी बाजूंनी ३-४ इंच जास्तच काप कारण मागे वळवून पिना मारायच्यात. मधोमध सुरुवात करून कोपऱ्यांकडे जायचं, नाहीतर कापड तिरकं ओढलं जातं नि चौकडीचं कापड असलं की लांबूनसुद्धा दिसतं.

खटपट्या: माहेश्वरी पातळ असते, खाली अस्तर हवंच. मी तर म्हणतो साडी कापू नका, इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमधून जाड सुती आणा, पण आधी धुवा, आटतं. पेल्मेट भिंतीला एल-अँगलने (एल आकाराच्या पट्टीने) बसवा.

राजवाडा_वाली: पेल्मेट भिंतीपासून किती पुढे ठेवू?

माळव्याची_मावशी: रॉड भिंतीपासून जेवढा पुढे, त्याहून २ इंच तरी जास्त, पडदा घासायला नको. साडीचं आईला विचारलंस का पण?