जुन्या व्हिडिओ गेमचा लाल दिवा लागतोय, पण चित्र नाही, आवाज नाही. कोल्हापुरात कोण दुरुस्त करतं का?

शाहूपुरीकर
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. परवा माळा आवरताना आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला. ९७ च्या दिवाळीत आण्णांनी बोनसमधनं आणलेला, कॅसेटवाला, दोन रिमोट आणि एक गन. २०१९ ला पाणी आलं तेव्हा खालच्या दोन खोल्यांतलं एक भांडंपण धड राहिलं नव्हतं, हा माळ्यावर कापडी पिशवीत होता म्हणून वाचला आणि आम्हाला कुणाला पत्ताच नाही. आता ८ तारखेला बहीण आणि भाचा ठाण्याहून यायल्यात, भाच्याला फोनवर सांगून बसलोय की मामाकडं खरा व्हिडिओ गेम आहे, आणि लावून बघतोय तर लाल दिवा लागतोय पण टीव्ही काळाच. चित्र नाही, आवाज नाही, खरखरपण नाही. तीन कॅसेट बदलल्या, फुंकर मारून झाली, डब्याला दोन चापट्यापण मारल्या. असलं काम कोण करतं का इथं, की घरीच काय करता येईल? सोल्डरिंग येतं मला, म्हणजे इयरफोनची वायर जोडण्याइतपत.

तिकटीवरचा
भावा भंगारात घाल. टीव्हीच्या मागं खुपसायची काडी मिळते आता ऑनलाइन, दोन बिनवायरचे रिमोट आणि ढीगभर गेम. भाच्याला काय कळतंय कुठला खरा आणि कुठला खोटा.

शाहूपुरीकर
भाच्याला नाही रे, मला कळतंय की. आण्णांनी आणलेला आहे.

पुण्यात_अडकलेला
आधी चार गोष्टी सांग, त्याशिवाय सगळं अंधारात दगड मारणं आहे. टीव्ही कुठला, एलईडी की जुना डब्बा? वायर कुठली, पिवळी-पांढरी पिनवाली की अँटेनाची? अडॅप्टर मूळचा आहे का? आणि गेम चालू-बंद करताना टीव्हीच्या काळ्या पडद्यात काही फरक पडतो का, म्हणजे 'सिग्नल नाही' ची पाटी जाते का तशीच राहते?

अँटेनाची वायर असेल तर नुसतं एव्हीवर टाकून काही दिसणार नाही, टीव्हीत अ‍ॅनालॉग चॅनेल शोधायला लावायचे आणि गेम चालू ठेवायचा. हे गेम बहुतेक ३ किंवा ४ नंबरच्या चॅनेलवर यायचे. आणि पिवळी पिन असेल तर हे वाच: बऱ्याच एलईडी टीव्हींना पिवळं भोक वेगळं नसतंच, हिरव्या भोकातच पिवळी पिन घालायची असते. मी स्वतः एक रविवार यात घालवलाय. काही टीव्हींना तर हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, त्याची जोडवायर वेगळी, आणि त्यातपण कंपनीगणिक आतली जोडणी वेगळी असते. बाजारातली कुठलीही आणून घातली तर चित्राच्या जागी आवाज जातो.

शाहूपुरीकर
टीव्ही एलईडी ३२ इंची. वायर पिवळी-पांढरी, दोनच पिना. हिरव्या भोकात घालून बघितली, तसंच. मग जुना डीव्हीडी प्लेअर काढला आणि तीच वायर त्याच भोकात लावली तर चित्र पण आलं आणि आवाज पण. म्हणजे टीव्ही आणि वायर सुटली ना यातनं? 'सिग्नल नाही' ची पाटी हलत नाही. अडॅप्टर मूळचा हरवलाय, सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा लावलाय. पिन बरोबर बसली.

सोल्डर_काका
पिन बसली म्हणून लावलास होय! पिन बसण्याचा आणि करंट जुळण्याचा काही संबंध नसतो रे बाबा. चाळीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त केले, निम्मी गिऱ्हाइकं 'पिन बसली म्हणून लावला' म्हणतच आली.

आता नीट ऐक. चित्र गेलंय आणि आवाज आहे, असं असतं तर मी वायर, सॉकेट, व्हिडिओचा ट्रान्झिस्टर इकडं बघितलं असतं. चित्र आहे आवाज नाही, तर आवाजाच्या बाजूला. दोन्ही एकदम गेलंय म्हणजे दोघांच्या मुळाशी जे आहे तिथं बघायचं, आणि मुळाशी असते वीज. ही तुझी पेटी म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेमची नक्कल, नव्वदच्या दशकात आपल्याकडं घराघरांत होती तीच. आतला सगळा कारभार ५ व्होल्टवर चालतो. बाहेरून ९ येतात, आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर त्याचे ५ करतो. दिवा लागतोय यावर जाऊ नको. कित्येक पेट्यांत दिवा रेग्युलेटरच्या अलीकडे जोडलेला असतो, म्हणजे वीज दारापर्यंत आली एवढंच तो सांगतो, घरात आली का ते नाही.

पेटी उघड. अडॅप्टर काढून. खाली चार-सहा स्क्रू असतील, एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. अडॅप्टर मात्र उघडायचा नाही, त्यात २३० आहेत. फोटो टाक.

शाहूपुरीकर
काका उघडली. आत एक झुरळाची अंडी आणि एक वाळलेली मुंगी, बाकी स्वच्छ. मोठी आयसी, म्हणजे चिप, कुठं दिसत नाही, मधोमध डांबराचा काळा ठिपका आहे, रुपयाएवढा. डीसी पिनच्या जवळ चार डायोड ओळीत. मग तो तीन पायांचा, पत्र्याला स्क्रूनं आवळलेला. फोटो टाकलाय.

सोल्डर_काका
तो डांबराचा ठिपका म्हणजेच तुझा गेम. मूळ जपानी मशीनमध्ये जे वेगवेगळ्या आयसीत होतं ते सगळं एकाच चिपमध्ये कोंबून वरनं डांबर ओतलेलं असतं. तो गेला असेल तर तिकटीवरच्याचं ऐक आणि भंगारात घाल, त्याला औषध नाही. पण तो शेवटी बघायचा.

चार डायोड आहेत म्हणजे ब्रिज आहे, तुझं नशीब, उलटसुलट पिन लावली तरी चालतं. सगळ्यांच्या पेटीत नसतो. बाकीच्यांनी अडॅप्टरवरचं गोल चित्र बघितल्याशिवाय पिन घालू नका, मधे प्लस की मधे मायनस.

आता मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी वायर ७८०५ च्या मधल्या पायाला. छापलेली बाजू तुझ्याकडं, पाय खाली, तर डावा पाय येणारा आणि उजवा जाणारा. दोन्ही आकडे सांग. चिमट्यानं दोन पाय एकदम जोडू नको.

सेगावाली
धाग्यात घुसतेय, सॉरी. माझ्याकडे सेगा मेगा ड्राइव्ह आहे, दुसऱ्या कंपनीचा कॅसेटवाला गेम, पहिलं मॉडेल, मामांनी ९६ ला घेतलेलं. तेव्हा आपल्याकडे शॉ वॉलेस कंपनी विकायची, हो तीच दारूवाली. माझाही अडॅप्टर हरवलाय, दुकानदार म्हणतो ९ व्होल्टचा कुठलाही चालेल. चालेल का?

पुण्यात_अडकलेला
ताई अजिबात नाही. पहिल्या मॉडेलला ९ व्होल्ट, १.२ अँपिअर आणि मधे मायनस लागतो. दुकानात मिळणारे बहुतेक मधे प्लसवाले असतात. आणि मेगा ड्राइव्ह २ ला बरोब्बर उलटं, १० व्होल्ट, मधे प्लस, त्यामुळं दुसऱ्या मॉडेलवाल्या मैत्रिणीचा मागून लावू नका. गिटारच्या पेडलचे अडॅप्टर ९ व्होल्ट मधे मायनस असतात, वाद्यांच्या दुकानात विचारा, फक्त अँपिअर बघून घ्या, बारके ३०० मिलीवाले पुरणार नाहीत.

अजून एक, कुणाच्या दादा-काकांनी अमेरिकेहून एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचा तिकडचा भाऊ, आणला असेल तर त्याचा अडॅप्टर आपल्या भिंतीत घालायचा नाही, तो १२० व्होल्टचा आहे. शिवाय त्यातनं डीसी नाही, ९ व्होल्ट एसी बाहेर येतो. तो एसी फॅमिकॉमला दिला तर फॅमिकॉम मेला.

शाहूपुरीकर
काका मीटर शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडनं आणला. बंद असताना अडॅप्टर १२.१ दाखवतो. गेम चालू केला की येणाऱ्या पायावर ८.४ आणि जाणाऱ्या पायावर २.३. आणि तो ७८०५ चा पत्रा असला तापतोय की बोट ठेवलं आणि शिवीच आली तोंडात.

सोल्डर_काका
शाब्बास, सापडला चोर. म्हणजे चोर नाही, पण चोराची गल्ली तरी सापडली.

१२ चे ८.४ झाले म्हणजे पेटी अडॅप्टरला शोषून घ्यायलीय. ७८०५ ला शॉर्टपासून आणि तापण्यापासून वाचायची सोय आतच असते, कुणीतरी जास्त ओढायला लागलं की तो व्होल्ट सोडून देतो, म्हणून २.३. तो बिचारा बहुतेक चांगला आहे. पाच व्होल्टच्या लाइनवर पुढं कोणीतरी शॉर्ट झालंय.

कॅसेट काढ. कॅसेट काढून ५ आले तर दोष कॅसेटमध्येच. नाही आले तर अडॅप्टर काढून ७८०५ चा जाणारा पाय बोर्डवरनं मोकळा कर, फक्त तेवढाच, आणि त्या मोकळ्या पायावर व्होल्ट मोज. ५ आले तर रेग्युलेटर निर्दोष. मग परत अडॅप्टर काढून मीटर बीपवर ठेव आणि पाय काढला त्या भोकातनं जमिनीला, म्हणजे ७८०५ च्या मधल्या पायाला, लाव. एक छोटा बीप होऊन थांबला तर तो कंडेन्सर भरण्याचा, ठीक. थांबलाच नाही तर शॉर्ट.

तिकटीवरचा
काका तुम्ही असं सांगायलाय की मलापण माझा गेम शोधावा वाटायला लागलाय. पण आईनं बोहारणीला दिला.

शाहूपुरीकर
कॅसेट काढूनपण २.३ च. पाय मोकळा केला, अर्धा तास गेला, सोल्डर निघता निघेना, शेवटी नवीन सोल्डर वर लावून पातळ केलं तेव्हा निघालं. मोकळ्या पायावर ५.०२!! आणि भोकातनं बीप थांबतच नाही. त्या भोकापासून दोन बोटं लांब एक कंडेन्सर आहे, ४७० मायक्रो १० व्होल्ट, त्याच्या बुडाशी तपकिरी चिकट काहीतरी, जुन्या सेलला फुटल्यावर येतं तसं. हाच का?

सोल्डर_काका
काढ. आणि काढल्यावर परत बीप बघ.

शाहूपुरीकर
बीप गेला काका. गेला!

सोल्डर_काका
हे रोजचं नाही हं, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बहुतेक वेळा सुकतात, असे शॉर्ट कमी होतात. पण पंचवीस-तीस वर्षं, त्यात आपल्याकडचा पावसाळा आणि महापुराचा दमटपणा. नवीन ४७० मायक्रो १६ व्होल्ट आण, चहापेक्षा स्वस्त मिळतो. अंगावरचा पट्टा मायनसचा, उलटा बसवलास तर फुटेल. जुन्याखालचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढ, नाहीतर तो तांबं खात राहील.

आणि तो १२ चा अडॅप्टर आता फेकून दे, म्हणजे सेट टॉप बॉक्सला परत दे. वरचे व्होल्ट ७८०५ नुसते उष्णतेत घालवतो. समज पेटी ०.४ अँपिअर घेते, तर १२ वर २.८ वॉट त्या पत्र्यातनं बाहेर पडतात, ९ वर १.६. मोबाईलचा ५ चा चार्जर पण लावू नको, ७८०५ ला साधारण ७ तरी यायला लागतात.

इचलकरंजीचा_पाव्हणा
मधेच बोलतो. ज्यांना सोल्डरिंग जमत नाही त्यांच्यासाठी: मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं नेऊ नका, तो बघूनच नाही म्हणेल. साऊंडवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारी माणसं गाठा. कोल्हापुरात मंडळांच्या जिवावर असे कारागीर भरपूर आहेत, त्यांना ७८०५ आणि कंडेन्सर म्हणजे घरचं काम. फक्त श्रावण लागायच्या आत जावा, नंतर गणपती होईपर्यंत ते तुमच्या खेळण्याकडं बघणार पण नाहीत.

शाहूपुरीकर
कंडेन्सर बसवला, ९ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर आणला. ५ व्होल्टच्या जागी ४.९६. टीव्हीवर 'सिग्नल नाही' ची पाटी गेली आणि... राखाडी पडदा. नुसता राखाडी. कॅसेट असताना पण आणि नसताना पण. आवाज अजून नाही. काका, डांबर गेलं का हो?

सोल्डर_काका
घाबरू नको. राखाडी आला म्हणजे डांबर जिवंत आहे, त्याला फक्त कॅसेट वाचता येईना. फुंकर किती मारलीस लहानपणापासून? ती फुंकर म्हणजे थुंकीची वाफ, पितळ-तांब्याला गंज चढवायला तीच पुरे. कॅसेटचे दात पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घास, चुरा झटक, मग आयसोप्रोपिल. या पेटीला ६० पिना असतात, एक जरी लागली नाही तरी गेम उठत नाही. पेटीच्या खाचेत जाड पुठ्ठ्याला सुती कापड गुंडाळून, थोडं ओलं करून, आठ-दहा वेळा आत-बाहेर कर. वाळू दे. आवाजाचं म्हणशील तर ऑडिओच्या सॉकेटमागचा सोल्डरचा डाग बघ, पिना ओढून ओढून तिथं बारीक गोल चीर पडते, भिंगातनंच दिसते.

शाहूपुरीकर
रात्रीचे पावणेबारा. कापड चार वेळा काळं निघालं. पाचव्यांदा कॅसेट घातली आणि यादी आली पडद्यावर, तीच, ९९९९ गेमची, ज्यातले खरे वीसच. सॉकेटमागं चीर होती, परत डाग दिला आणि ती सुरुवातीची टुणटुण इतक्या जोरात वाजली की आतल्या खोलीतनं आण्णा उठून आले. काही बोलले नाहीत, पलंगाच्या कडेला बसले आणि दुसरा रिमोट उचलला. रणगाड्यांचा गेम लावला. माझ्याच गडावर गोळी घातली त्यांनी, ९७ ला घालायचे तशीच.

काका, पाया पडतो.

एकच राहिलं. गन चालत नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो पण बदक पडत नाही.

पुण्यात_अडकलेला
ती एलईडीवर नाहीच चालणार भावा, गन बिघडलेली नाही. ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची चमक बघते, ट्रिगर दाबल्यावर पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो तो तिला त्याच क्षणी दिसायला लागतो. एलईडी टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तेवढ्यात सगळा हिशोब चुकतो.

शाहूपुरीकर
मग कुणाकडं चालू डब्बा टीव्ही आहे का? शाहूपुरी, राजारामपुरी, बावडा, कुठंही. टेम्पो घेऊन येतो.

सोल्डर_काका
माझ्याकडं २१ इंची आहे, गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. मंगळवार पेठेत ये. एकटा येऊ नको, पाठ जाईल. आणि त्याचं मागचं झाकण उघडायचं नाही, सांगून ठेवतो.