मसुदा, खर्डा की कच्चा आराखडा?

खाडीकाठ: ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) 'व्यावहारिक मराठी'चा अभ्यासक्रम करायचा होता. चॅटजीपीटीला घटक, तास, गुणविभागणी सांगून पहिली प्रत काढून घेतली आणि वर लिहिलं, 'एआयच्या मदतीने केलेला मसुदा'. विभागातल्या ज्येष्ठ सरांनी 'मसुदा' खोडून 'कच्चा आराखडा' केलं. मसुदा कायद्याचा, कराराचा, अभ्यासक्रमाचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वडिलांच्या तोंडी तर साध्या अर्जाचाही मसुदाच असायचा. कागद अभ्यास मंडळापुढे जायचेत. काय ठेवू?

नौपाडा: मसुदाच. 2024 मध्ये शाळांसाठीचा राज्य अभ्यासक्रम आराखडा हरकतींसाठी खुला केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'आराखड्याचा मसुदा' असंच छापलं होतं. दोन्ही शब्द शेजारी शेजारी! म्हणजे एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

पारसिक: मसुदा मूळ अरबी 'मुसव्वदा'. 'सवाद' म्हणजे काळेपणा. खाडाखोड करून काळा केलेला कागद तो मुसव्वदा, आणि साफ उतरवलेली प्रत 'मुबय्यजा', म्हणजे पांढरी केलेली. शब्द सुंदर आहे, पण बाहेरचा. आपल्याकडे खरडण्यातून आलेला 'खर्डा' असताना तो कशाला? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याचसाठी.

नौपाडा: मग 'कागद' फारसी, 'दौत' अरबी, 'शाई'सुद्धा फारसी 'सियाही', तीही काळीच. लिहायचं कशाने? सावरकरांनी 'दिनांक' दिला, तो रुजला, आणि 'तारीख'ही कोर्टापासून लग्नापर्यंत जागेवर आहे.

ऐरोली: मंत्रालयात 31 वर्षं काढली. साध्या पत्रालाही 'मसुदा मान्यतेस्तव सादर' असंच लिहायचो. समास हातभर सोडायचा, कारण साहेब तिथे दुरुस्त्या करणार. मान्यता आली की स्वच्छ प्रत. तेव्हा कायदा-कराराची अट तुमच्या सरांनी कुठून काढली कळत नाही.

खाडीकाठ: काका, तुमच्या त्या समासामुळेच माझा प्रश्न नेमका झाला. एआयच्या प्रतीत समास नसतो. ती पहिल्या क्षणापासून स्वच्छ प्रतीसारखी दिसते आणि तिथेच माणूस फसतो. एका श्रेयांकाचे 15 तास, दोनाचे 30. त्याने चार घटकांना 8, 8, 9 आणि 9 तास दिले, बेरीज 34. संदर्भग्रंथांत एक पुस्तक असं होतं की मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारलं, प्रकाशकाला फोन केला, ते कधी निघालेलंच नाही. आपण जिथे 'निष्पत्ती' म्हणतो, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल ते, तिथे 'परिणाम'. आणि प्रत्येक निष्पत्तीच्या शेवटी 'समजून घेईल'. समजलं की नाही हे परीक्षेत तपासणार कसं? 'अर्ज लिहील', 'इतिवृत्त तयार करील' असं हवं. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी 1956 मध्ये शिकण्याच्या उद्दिष्टांच्या पायऱ्या मांडल्या, त्यांचा उपयोग हाच. मसुदा म्हटलं की कुणीतरी विचार करून कागद काळा केला आहे असं वाचणारा धरून चालतो. इथे अजून कुणी केलेला नाही, हे सांगणारा शब्द हवाय.

पारसिक: मग खर्डाच! खर्डेघाशी म्हणजे बिनविचाराचं लिहीत सुटणं. अर्थ चपखल बसतो.

कोपरखैरणे: आम्हा कोल्हापूरकरांना खर्डा म्हटलं की एकच आठवतं. हिरव्या मिरच्या, लसूण तव्यावर तेलात भाजायचे, मीठ आणि शेंगदाणे घालून तिथेच तांब्याच्या बुडानं रगडायचे. विद्यार्थ्यांना 'अभ्यासक्रमाचा खर्डा' वाचायला दिलात तर ते भाकरी शोधतील हो ताई.

पारसिक: तोही खरडण्यातूनच. तव्याला लागलेलं खरडून घेतात म्हणून. दोन्ही खर्डे एकच.

कोपरखैरणे: आमच्याकडं खरडत नाहीत, रगडतात. माझी आई पाट्यावरच वाटायची, तरी नाव खर्डाच.

ऐरोली: आणि 1795 च्या लढाईचं खर्डा गाव? तिथे काय खरडलं?

खाडीकाठ: सोमवारी कागद द्यायचेत. तूर्त 'मसुदा' पुन्हा लिहिलंय, खाली स्वतंत्र ओळ: 'पहिली प्रत एआयकडून; तास, संदर्भ व निष्पत्ती हाताने तपासून दुरुस्त केल्या.' सरांना अजून दाखवलेलं नाही.

नौपाडा: ओळ उत्तम. ती मात्र खोडू देऊ नका.

पारसिक: आमची आजी 'खरडा' म्हणायची, 'र' मोकळा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती कुणाच्या घरी आहे का? 'खरडा' आणि 'खर्डा' वेगळे दिलेत का, पाहायचंय.