झेडपी शाळेची एक खोली नेमकी कोणाच्या पैशातून होते? मदत हवी आहे (सातारा)

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग, दुष्काळी पट्टा. गावाचं, तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. गुरुजींना त्रास नको. पहिली ते पाचवी, पट ३८, शिक्षक दोन. यंदा मला पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलंय.

दोन वर्गखोल्यांपैकी जुनी कौलारू खोली धोकादायक म्हणून निर्लेखित (कागदोपत्री रद्द) झाली, पाडलीही. नवीन खोलीचा प्रस्ताव 'वर गेलाय'. हे वर म्हणजे कुठं, ते कोणीच सांगत नाही. पहिली-दुसरी समाजमंदिरात बसते. तिथं लग्न किंवा दहावा असला की सगळी पोरं एकाच खोलीत, आणि त्याच खोलीत दप्तराचं कपाट आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, शिवाय कार्यालयाला एक, असं लिहिलंय. म्हणजे मागतोय ते जास्तीचं नाहीच.

एक टेबल म्हणतं बांधकामला विचारा. बांधकामवाले म्हणतात, अंदाजपत्रक करून दिलंय, निधी आला की बघू. निधी कुठून येणार, तर उत्तर दर वेळी वेगळं. आतापर्यंत कानावर आलेली नावं: जिल्हा नियोजन समिती, समग्र शिक्षा योजना (केंद्र ६० टक्के, राज्य ४०), झेडपीचा स्वतःचा सेस (कराचं उत्पन्न), ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी, आमदार निधी, आणि सरतेशेवटी लोकवर्गणी. सहा खिसे, आणि जो तो दुसऱ्याच्या खिशाकडं बोट दाखवतो. शाळेच्या हातात थेट पडतं ते संयुक्त अनुदान. ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार. त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, वर किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. खोलीचं नावच काढायला नको.

पूर्वी असली कामं झेडपी सदस्य बघायचा. २०१७ ला निवडून आलेली मंडळी २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपून घरी गेली, मग प्रशासकांचा, म्हणजे झेडपीच्या सीईओंचा, कारभार लांबतच राहिला. सदस्य फार कामाचे होते असं मी म्हणणार नाही, पण त्यांना पारावर अडवता यायचं. सीईओ साहेबांना पारावर कसं अडवणार होतो?

गावात विषय काढला की दोन मिनिटांत गाडी लाडक्या बहिणीवर. सगळा पैसा तिकडं गेला म्हणे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्या योजनेला ३६ हजार कोटी आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढं, हे आकडे खरेच आहेत, आणि राज्याने शाळांवर जास्त खर्च करावा असं मलाही वाटतं. पण आमच्या घरातही महिन्याला १५०० येतात, पोरीच्या वह्या त्यातूनच आल्या, त्यामुळं त्या भांडणात मी गप्प. शिवाय आमची खोली धोकादायक ठरली ती योजनेच्या आधी.

दुसरा सूर मंत्र्यांचा. डिसेंबर २०२४ मध्ये साताऱ्याला चार कॅबिनेट मंत्रिपदं मिळाली, त्यात ग्रामविकास आणि सार्वजनिक बांधकाम दोन्ही. मग एक खोली जड आहे का? अहो, झेडपी शाळेची खोली सार्वजनिक बांधकाम खात्याकडं नसतेच, ती झेडपीच्या बांधकाम विभागाकडं. आणि जिल्हा नियोजनमधली खोली जिल्ह्यातच मंजूर होते, मंत्रालयात नाही. मला राजकारण नको, फाईल कुठं आहे ते हवंय.

तर जाणकारांनी सांगा. जिल्हा नियोजनमधून यंदा कुठल्या शाळांना खोल्या मंजूर झाल्या, ती यादी सामान्य माणसाला कुठं बघायला मिळते? त्यात नंबर कशावर लागतो? माहिती अधिकार टाकायचा तर पंचायत समितीत का झेडपीत, आणि समिती सदस्य म्हणून का साधा नागरिक म्हणून? गुरुजींचं म्हणणं एवढंच, "टाका, पण माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

प्रतिसाद

जुना_कारकून: झेडपीच्या प्राथमिक शिक्षण विभागात टाका. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडं असली तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत अर्ज तिकडं पाठवायचा असतो. नागरिक म्हणूनच टाका, कायदा नागरिकाला माहिती देतो, पदाला नाही. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. आणि 'खोली का झाली नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: वर्गखोल्यांच्या प्रशासकीय मान्यतेचा आदेश यादीसकट, आणि तुमच्या प्रस्तावावरच्या टिपणीची प्रत. खरं तर प्रत्यक्ष फाईल बघायचीच मागणी करा. पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत, आणि फाईल समोर आली की कुणाच्या सहीवर अडलीय ते दिसतं. ३० दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील.

खरं_बोलतो: ३८ पोरांसाठी खोली बांधायची कशाला? शेजारच्या गावात घाला. समूह शाळाच येणार आहेत, छोट्या शाळा मिळून एक मोठी.

तासगाववाला: अर्ज टाकायच्या आधी एक काम करा दादा. युडायस प्लसवर (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) शाळेचा ११ आकडी नंबर टाकून बघा, वर्गखोल्या किती दाखवतात. आमच्याकडं पाडलेली खोली तिथं ठणठणीत उभी होती. कागदावर खोली असेल तर गरजू शाळांच्या यादीत तुमचं नाव येणार कसं?

धागाकर्ता: खरं_बोलतो, शेजारचं गाव साडेतीन किलोमीटर, मध्ये ओढा. प्राथमिकला एक किलोमीटरच्या आत शाळा हा राज्याचाच नियम आहे. सहा वर्षांचं पोर घेऊन पावसाळ्यात एकदा चालून या, मग समूह शाळेवर बोलू.

जुना_कारकून, आभारी आहे. अर्ज लिहायला घेतलाय, १५० शब्दांत बसवताना घाम फुटतोय.

तासगाववाला, आत्ताच बघितलं. वर्गखोल्या २. पाडलेली धरून! गुरुजी म्हणाले, माहिती ३० सप्टेंबरच्या स्थितीवर भरायची असते, मागच्या वर्षीचीच पुढं आली असणार. आता ही दुरुस्ती वर्षाच्या मधेच करता येते का? मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून होते का गटसाधन केंद्रात जावं लागतं? निर्लेखनाच्या आदेशाची प्रत ग्रामपंचायतीत आहे, सोमवारी काढून घेतो. तुमच्याकडं तेवढी पुरली होती, का पंचनामाही लागला?